लाल गाडीची धूळ

“नीट सांग. घसरते की उडते?” सासऱ्यांनी गाडीखालूनच विचारलं.

“घसरते,” सून म्हणाली. “वळणातून निघताना गॅस दिला की मागची बाजू बाहेर फेकली जाते. मी सावरेपर्यंत लाल गाडी पसार.”

गाडीखाली पान्याचा आवाज थांबला. “हं,” एवढंच उत्तर आलं.

मातीच्या गोल ट्रॅकवर तिने तीन मोसम लाल गाडीची धूळ खाल्ली होती. तिन्ही वेळा दुसरी. दुसऱ्या नंबरालाही टाळ्या मिळतात, पण त्या आजाऱ्याची विचारपूस करावी तशा. लाल गाडीवाल्याने तर गेल्या बक्षीस समारंभात माइकवर जाहीरच केलं होतं, “मला जो मागे टाकेल, त्याच्या हातात माझी चावी देईन आणि घरी बसेन.” सगळे हसले होते. ती हसली नव्हती. आज दुपारी तिला एकदा, फक्त एकदा, समोर मोकळा रस्ता बघायचा होता.

घरात गाड्यांचं वेड होतं ते सासऱ्यांना आणि लग्न होऊन आल्यापासून तिला. मधल्या मध्ये नवरा कोरडाच राहिला. तो दातांचा डॉक्टर. सायकलवर बसला तरी घंटी वाजवत भिंतीवर जायचा. शेजारी म्हणायचे, सासऱ्याने सून नाही, चेला शोधून आणलाय. दोघांनाही ते ऐकायला आवडायचं.

सासरे सरपटत बाहेर आले. “मागच्या चाकांचे दांडे कोणी आवळले?”

“मीच. चांगले करकचून.”

“गाडी स्टँडवर असताना?”

“मग काय, पळत असताना?”

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अगं, दांड्यांच्या टोकाला रबर आहे. चाकं हवेत लटकत असताना बोल्ट आवळलास, की गाडी खाली उतरल्यावर त्या रबराला पीळ बसतो. मग स्प्रिंग म्हणते खाली बस, रबर म्हणतं ऊठ. एका चाकावर दोन कारभारी! ते बिचारं घसरेल नाहीतर काय करेल?”

तिने कपाळावर हात मारून घेतला. तीन मोसम ती टायरला शिव्या देत होती.

सासऱ्यांनी सगळे बोल्ट सैल केले. मागच्या उजव्या चाकाची स्प्रिंग काढून जरा मऊ स्प्रिंग घातली आणि गाडी चार वजनकाट्यांवर उतरवली. एकेका चाकाखाली एकेक काटा.

“बस आत. हेल्मेट घालून.”

“हेल्मेट कशाला?”

“त्याचंही वजन असतं. आत डोकं असलं तर त्याचंही.”

ती हसत आत बसली. ते डाव्या स्प्रिंगची चकती फिरवायचे, काटा बघायचे, गाडीचं ढुंगण दाबून सोडायचे, पुन्हा काटा बघायचे. आकडे मनासारखे आले तेव्हा कुठे त्यांनी बोल्ट आवळले. ती आत, गाडी जमिनीवर, रबर निवांत.

“आता वळताना गाडी या उजव्या चाकावर बसेल आणि टायर माती धरेल,” ते म्हणाले. “पण गॅस हळू दे. नाहीतर माझी मेहनत पाण्यात.”

“बाबा, लाल गाडीलाही मागे हीच स्प्रिंग आहे?”

“दुसऱ्याच्या ताटात बघू नये,” सासरे मिशीतल्या मिशीत हसले.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. “त्या लाल गाडीवाल्याची आज खोड जिरवच! हे काय वय आहे माती उडवत फिरायचं? त्याच्या बायकोला विचार, जीव मुठीत धरून बसते बिचारी.”

“तो आयतं सोडणारा नाही हो,” सासरे चहावर फुंकर घालत म्हणाले.

“सोडूही नये!” सून एकदम तापली. “सोडून दिलेला पहिला नंबर मला नको.”

सासरे तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पाना उचलला आणि आवळलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला.

दुपारी ट्रॅक वाळून गुळगुळीत झाला होता. नवरा आणि सासूबाई बाकावर जाऊन बसले. नवऱ्याने नेहमीप्रमाणे आधीच डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी सुनेचे पट्टे ओढून पाहिले, गाडीच्या टपावर थाप मारली आणि ते गर्दीत दिसेनासे झाले.

पहिल्याच वळणात तिला फरक कळला. गाडी खाली बसली आणि माती धरून राहिली. ती हेल्मेटमध्ये एकटीच ओरडली. पण लाल गाडी काही कमी नव्हती. आतून जावं तर आत, बाहेरून जावं तर बाहेर, ती हजरच. दया नाही, माया नाही.

शेवटच्या वळणात लाल गाडी हातभर बाहेर सरकली. सुनेने आत नाक घुसवलं. दाराला दार लावून दोन्ही गाड्या वळणातून निघाल्या. तिने गॅस हळू दिला, मग पुरता दाबला. मागची बाजू तसूभरही सरकली नाही. अर्ध्या गाडीच्या अंतराने झेंडा तिचा झाला, आणि मोकळा रस्ताही.

ती उतरली तेव्हा हसू आणि रडू एकदमच येत होतं. सासूबाई धापा टाकत आल्या, तिच्या धुळकट गालांची पापी घेतली आणि तरातरा लाल गाडीकडे जाऊन त्यांनी दारावर थाप मारली.

“अहो, उतरा आता!”

हेल्मेट काढून, चावी हातात घेऊन सासरे बाहेर आले, तेव्हा हरलेल्या माणसाचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.