सावध हात

"जुन्या गाडीवरची सूट अनंतरावांची आहे. नवी गाडी वहिनींच्या नावावर घेतलीत तर ती गेली," म्हणत विमा एजंट विद्याधरने आपल्या ऑफिसातला लॅपटॉप समोर बसलेल्या नवरा-बायकोकडे वळवला. "त्यापेक्षा ह्यांच्याच नावावर घ्या. हप्ता जवळजवळ निम्मा होतो."

शर्मिष्ठा पुढे सरकली. नवी गाडी ती स्वतःच्या कमाईतून घेत होती. अर्ध्या मुलुंडात तिचे उकडीचे मोदक जायचे. "पण ही सूट मिळते कशाबद्दल, भाऊजी?"

"सावधपणाबद्दल. इतक्या वर्षांत एक क्लेम नाही. असा हात लाखात एखाद्याचा असतो, अनंतराव! वहिनी, तुमच्या नावावर मात्र काहीच नाही ना. कंपनीच्या लेखी तुम्ही नवख्या."

अनंतने गालातल्या गालात हसत मिशीवरून बोट फिरवलं.

नवख्या. तिला कसाऱ्याच्या घाटातलं धुकं आठवलं. मागच्या सीटवर कण्हणाऱ्या सासूबाईंना धक्का लागू नये म्हणून भांडुपचा एकेक खड्डा चुकवत गाठलेलं हॉस्पिटल आठवलं.

"अहो, सांगा ना ह्यांना," ती हळूच म्हणाली.

"काय सांगू? नियमच आहे तो. नाव माझं असलं तरी गाडी तुझीच ना गं? हो म्हण आणि चल."

विद्याधरने चहा पुढे केला. तिने हात जोडले. "आज संकष्टी. चंद्र दिसेपर्यंत पाणी नाही. आणि खोटंही नाही." तिने लॅपटॉप परत त्याच्याकडे वळवला. "माझंच नाव घाला. पूर्ण हप्ता भरते. पण ह्यापुढची सूट माझी."

"वहिनी, उगाच नुकसान करून घेताय!"

"इतकी वर्षं करून घेतच होते, भाऊजी. आज कळलं."

बाहेर हॉर्न वाजायला लागला. दारात लावलेल्या त्यांच्या जुन्या गाडीमागे एक टेम्पो अडकला होता.

"अनंतराव, जरा गाडी पुढे घेता?"

अनंतने सवयीने बायकोकडे पाहिलं. शर्मिष्ठाने पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"मी रिक्षाने जाते. गाडी तुम्ही आणा."

ती पायऱ्या उतरली. टेम्पोवाला आता हॉर्नवरून शिव्यांवर आला होता. तिने रिक्षाला हात केला, तेवढ्यात मागून नवऱ्याचा खालच्या पट्टीतला आवाज आला,

"विद्याधर, तुला गाडी चालवता येते का रे?"