लेथवरची मिनिटं

"चिडून लिहू नका," बाई म्हणाल्या. "आधी मोजा, मग लिहा."

पाचही मुलींनी वह्या उघडल्या.

तंत्रशाळेच्या लेथ विभागात चाळीस जण होते, त्यांत या पाच. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी लोखंडाचा कीस झाडला, हत्यारं पुसून कपाटात लावली, मुलांची हजेरी मांडली. लेथला, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनला, हात लावायचा नाही. "वेणी अडकली तर निस्तरणार कोण? मीच ना?" वर्कशॉपचे सर म्हणायचे आणि मुलं हसायची. एका सोमवारी पाचही जणी केस कापून आल्या. सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि बाह्यांचं काय?"

नागरिकशास्त्राच्या बाई नव्याच रुजू झाल्या होत्या. आठवड्यातून त्यांचा एकच तास, तोही शेवटचा, वर्ग पेंगायचा तेव्हाचा. भेदभावाचा धडा आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तुमच्या वर्कशॉपमध्ये कोण काय करतं?" त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

पाचांतली सगळ्यात धीट ती वकीलबाई. हे नाव मुलांनी तिला चिडवायला ठेवलेलं. तिला ते आवडायचं. तिचे वडील एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होते. मुलीनं सर्टिफिकेट आणलं की लेथवर उभी करतो, असा फोरमननं त्यांना शब्द दिला होता.

"दीड वर्ष राहिलंय," वडील म्हणाले. "तेवढं तोंडाला कुलूप लाव, बाई माझी."

"बाबा, मशीनला हात न लावता पास झाले तर फोरमनला काय करून दाखवू? झाडू मारून?"

वडील टोपी घालून ड्युटीला निघाले.

लेथवर कोण किती मिनिटं असतं, ते महिनाभर त्यांनी मोजलं. लंबू म्हणून एक मुलगा होता, त्यानं आपलं घड्याळ दिलं आणि साक्षीदार म्हणून सहीही केली. "खोटं काय आहे यात?" तो बाकीच्यांना म्हणाला. मुलगे, प्रत्येकी रोज सरासरी बावन्न मिनिटं. मुली, शून्य. बाईंनी वकीलबाईच्या अर्जातला 'अन्याय' शब्द खोडला. "आकडे बोलतील. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत शून्य, असं स्पष्ट लिही. खाली सगळ्यांच्या सह्या घे."

अर्ज तंत्रशिक्षण मंडळाकडे गेला. तीन आठवड्यांनी एक अधिकारीबाई आल्या. शांत, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी वहीचं पान न् पान उलटलं.

"हे सगळं तुम्हीच नोंदवलंत?"

"हो मॅडम."

"एक मिनिटसुद्धा इकडचं तिकडे नाही?"

"नाही मॅडम."

अधिकारीबाई सरांकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

सरांच्या कपाळावर घाम आला होता. "बरोबर आहे," ते पुटपुटले.

त्या संध्याकाळी मुली हसत खिदळत घरी गेल्या. वकीलबाईनं सगळं साग्रसंगीत सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. सकाळी तिचे बूट त्यांनी पॉलिश करून दारात ठेवलेले होते.

पुढच्या आठवड्यात बाई पाकीट घेऊन थेट वर्कशॉपमध्येच आल्या. सरांनी मुकाट्यानं मशीन बंद केल्या.

"फोड," बाई वकीलबाईला म्हणाल्या. "तूच वाच. शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

ती स्टुलावर चढली.

"'विद्यार्थिनींच्या तक्रारीची मंडळाने गांभीर्याने दखल घेतली आहे. तपासणीअंती ती शब्दशः खरी आढळली.'"

टाळ्या पडल्या. लंबूनं शिट्टी मारली. बाईंचे डोळे भरून आले. सर जमिनीकडे बघत होते.

"थांबू नकोस," बाई म्हणाल्या. "पुढे वाच."

"'पाचही विद्यार्थिनींचे लेथवरील प्रात्यक्षिक आजपर्यंत शून्य मिनिटे झाले असल्याचे त्यांनी स्वतः सह्यांनिशी कळवले आहे. नियमाप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांचे किमान प्रात्यक्षिक पूर्ण नसल्याने त्यांचा प्रवेश आजपासून रद्द करण्यात येत आहे. नोंदी काटेकोरपणे ठेवल्याबद्दल मंडळ त्यांचे अभिनंदन करते.'"