दहा मिनिटं

"गो, घोळणा फुटला," शिवा ओटीवरून म्हणाला.

बायजाबाई नुकतीच पेणहून आली होती. औषधांची पिशवी तशीच खाली टाकून तिने फळीवरचं फडकं ओढलं, तोंड फिरवून नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्याच्याकडे पाठ करून उंबऱ्यात बसली. तिला रक्त बघवत नसे. घरात कोंबडी कापायची तरी शेजारच्या धोंडुबाईला हाक मारावी लागे. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

हृदयाची झडप बदलल्यापासून शिवाला रक्त पातळ ठेवायची गोळी होती, जन्मभराची. पहिल्यांदा नाकातून रक्त आलं तेव्हा धोंडुबाईने डोक्यावर पाणी ओतलं, कांदा हुंगायला दिला, मान मागे टाकायला लावली. सगळं रक्त घशात उतरून माणूस गुदमरायला आला. मग पेणच्या डॉक्टरांनी बायजाबाईला नीट शिकवलं. बसवायचं, पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा, श्वास तोंडाने. दहा मिनिटं सोडायचं नाही आणि बोलायचं नाही. वीस मिनिटांत थांबलं नाही तर गाडी करून थेट दवाखाना. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. त्याच दिवशी तिने बाजारातून मांजरपाट आणला आणि चौदा फडकी फाडून फळीवर रचून ठेवली.

बोलायचं नाही, हे तिच्या चांगलंच ध्यानात राहिलं. कारण चार वर्षांपूर्वी लेक शकूने रोह्याच्या कंपनीतल्या, जातीबाहेरच्या पोराशी लग्न केलं, तेव्हापासून त्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. नाव निघालं की शिवा भरल्या ताटावरून उठायचा. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस, एकदा म्हणाला ते म्हणाला. बायजाबाई महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणायला पेणला जायची, शकू रोह्याहून गाडीने यायची, आणि मायलेकी स्टेशनच्या बाकावर अर्धा तास बसायच्या. ते सगळं पोटात घेऊन ती घरी परतायची.

दुसऱ्या फडक्याच्या वेळी तिला धीर आला. नवऱ्याचं नाक त्याच्याच चिमटीत, पुढ्यात ताट नाही, उठायची सोय नाही. ती घड्याळाकडे बघत एका दमात बोलली. "शकू भेटली व्हती. दिवस गेल्यात तिला." मागून आवाज आला नाही. येणार कसा?

त्यानंतर डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली. तरी ती पेणहून आली की त्याच संध्याकाळी घोळणा फुटलाच म्हणून समजा. रक्ताच्या तपासणीत काही दोष निघत नव्हता. डॉक्टर चक्रावले. नव्या पाकिटातली गोळी उष्ण पडते, असं बायजाबाईने आपलं ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर तिला त्या दहा मिनिटांची आस लागली होती, आणि त्याची तिला मनातून लाजही वाटे. नवऱ्याचं रक्त वाहतंय आणि आपण गप्पा मारतोय.

आजही तिने सगळं सांगितलं. शकूची पोर पालथी पडायला लागली. नाक फेंदारून रडते, थेट आजावर गेलीय. जावई पाळी बदलून घेतो, पोरीला सांभाळतो.

"दहा मिनिटं झाली. थांबलं?"

मागून ओटीच्या लादीवर थाप पडली. थाप म्हणजे नाही. हल्ली हे असंच व्हायचं, दहाची पंधरा व्हायची.

"शकू इचारते, गनपतीला येव का," ती म्हणाली. "एकदा व्हय म्हना. म्हातारपनी कसला राग धरून बसलाव? मी काय जल्मभर पोरीला ठेसनावरच भेटू?"

घड्याळात वीस मिनिटं होत आली तशी ती घाबरून उठली. "मी मिनीडोअर बघते."

"थांबला," शिवा घोगऱ्या आवाजात म्हणाला. नेहमी असंच. ती गाडी बघायला उठली की रक्त थांबायचं. तो फडकं घेऊन मागच्या दारी गेला. "मीच धुतो, तुला बघवत नाय," हे त्याचं ठरलेलं. बादलीचा आवाज आला. उत्तर काही आलं नाही. बायजाबाईने पदराने डोळे पुसले आणि चुलीपाशी गेली.

आठव्या दिवशी दुपारी, जेवून आडवा झालेला शिवा उठलाच नाही. हृदयानेच दगा दिला.

शकू आली. चार वर्षांनी तिने तो उंबरा ओलांडला तेव्हा बाप ओटीवर पांढऱ्या कापडाखाली होता. तेराव्यानंतर, पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "आये, बा माझ्याविषयी कदी काय बोलला गो?"

बायजाबाईला खोटं बोलता आलं नाही. "नाय गो," ती म्हणाली.

मग दोघींनी त्याचं सामान आवरायला घेतलं. फळीवर एकच फडकं उरलं होतं. बाकीची शिवाच्या पत्र्याच्या पेटीत होती. रक्ताची फडकी ती, बायजाबाईने तोंड फिरवलं. "खाडीत सोडून दे," ती म्हणाली.

शकू ती एकेक करून मोजत होती. मोजता मोजता तिचा हात थांबला.

"आये, इकडं बघ."

"मना बघवत नाय."

"रगत नायच हाय. बघ तरी."

तळाच्या दोन फडक्यांवर धुऊनही न गेलेले तपकिरी डाग होते. वरची अकरा पांढरी होती. मांजरपाटाची खळ तशीच कडक होती, पाणी म्हणून त्यांना लागलं नव्हतं. प्रत्येकाच्या मधोमध तेवढी चिमटीची चुणी होती.

बायजाबाई फडकं हातात घेऊन खाली बसली.

"तुझंच आयकत बसायचा गो," ती म्हणाली.