मी ठीक आहे

कलकत्त्यातल्या त्या सरकारी कचेरीत भर दुपारी लोडशेडिंग झालं आणि जनरेटरवर कॉम्प्युटर तेवढा चालू राहिला. हुगळीच्या भरती-ओहोटीची कित्येक वर्षांची मोजमापं डिस्कवर उतरत होती. अर्ध्यावर वीज तुटली असती, तर आधीचंही सगळं खराब झालं असतं.

तेवढ्यात कॉम्प्युटरवर बसलेल्या सुनीतीला कळलं, तिचे साहेब दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकलेत. जनरेटर छोटा होता. लिफ्टला वीज द्यायची, तर कॉम्प्युटर बंद करावा लागणार होता. ती धावत लिफ्टच्या बंद दाराशी गेली.

“उपासनी साहेब, गुदमरताय का? मी जनरेटर लिफ्टला जोडते.”

“मुळीच नको,” आतून आवाज आला. “मी ठीक आहे. आधी फाइल पूर्ण होऊ दे.”

ती मशीनपाशी परतली. थोड्या थोड्या वेळाने ती दाराशी जाऊन हाक मारायची आणि साहेब म्हणायचे, “मी ठीक आहे, सुनीती. घाबरू नकोस.”

अखेर फाइल पूर्ण झाली. तिने घाईघाईने जनरेटर लिफ्टला जोडला. लिफ्ट वर आली, दार उघडलं.

साहेब खरंच ठीक होते. त्यांच्या पायाशी म्हातारा लिफ्टमन निताई पडला होता. एक हात छातीवर घट्ट धरलेला, श्वास थांबलेला.

“फाइल वाचली ना?” साहेबांनी विचारलं.