बिनकार्डाचा कॅमेरा

झेरॉक्स नावाच्या पोरीच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं. फ्लॅश पडत होता, खटका वाजत होता, पण फोटो एकही निघत नव्हता. दर खटक्याला मागच्या पडद्यावर लाल अक्षरं यायची, 'कार्ड नाही'. ती त्यावर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "वा ताई! मस्त आला."

ठरलं सकाळीच. नवरीच्या आईने फोटोवाल्या सरांना हॉलच्या दारातच गाठलं. बाई बोलायला मधासारखी, नजर मात्र कापड मापणाऱ्याची.

"अल्बम मुलीच्या सासरी घरोघर फिरणार. माझी थोरली एकाही फोटोत दिसता कामा नये," ती म्हणाली. "आणि तिला कळताही कामा नये. आजच्या दिवशी मला रडारड नको."

थोरलीच्या डाव्या गालावर कोड होतं, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. तिचा गुन्हा तेवढाच.

सरांनी मान डोलावली. जुना कॅमेरा काढला, त्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं आणि कॅमेरा शिकाऊ मुलीच्या गळ्यात अडकवला. स्टुडिओत तिला सगळे झेरॉक्स म्हणत. चार महिन्यांपूर्वीपर्यंत ती काउंटरवर तेच मशीन चालवायची, आणि सर म्हणत, अजूनही तेच चालवते. तिने फोटो काढायचा म्हटला की हसतं-खेळतं माणूस पासपोर्टला बसल्यासारखं ताठ व्हायचं.

"तिला गुंतवून ठेव. स्टेजपासून चार हात लांब," सर म्हणाले. "आणि आज मला एक तरी बेसावध चेहरा आणून दाखव. नाहीतर उद्यापासून काउंटर आहेच."

"पण सर, कार्ड?"

"जेवणं झाल्यावर देतो. आधी आईसाहेबांचं काम."

तर अशा ह्या दोघी खिडकीपाशी उभ्या होत्या. थोरली आधी आधी डावा गाल भिंतीकडे ठेवून, केस पुढे ओढून उभी राहायची. दहा-बारा फ्लॅश झाले तशी सैलावली. तिचे इतके फोटो जन्मात कुणी काढले नव्हते. मावश्या, माम्या येता-जाता बघत होत्या. नवरीची आई स्टेजवरून बघत होती आणि समाधानाने पाहुण्यांकडे वळत होती.

"कॅमेऱ्याकडे बघू नका ताई. काहीतरी बोला माझ्याशी."

"काय बोलू गं? ती बघ आमची नवरी. लहानपणी कॅमेऱ्याला इतकी भ्यायची! फोटोवाला आला की धावत येऊन माझ्या मागे लपायची. तिच्या एकूण एक फोटोत मी उभी आणि माझ्या मागून हिचे दोन कान." थोरलीने आवाज खाली आणला. "आणि आज बघ! मेकअप तडकेल म्हणून शिंकतसुद्धा नाहीये!"

आणि ती हसली. केस मागे गेले, गाल सगळा उजेडात आला, आणि तिला त्याचं भानच उरलं नाही.

झेरॉक्सने खटका दाबला. कार्ड नाही.

चार महिने ज्याच्यामागे धावली ते समोर येऊन, हसून निघून गेलं होतं. तिच्या पर्समध्ये तिचं स्वतःचं कार्ड होतं. तिने स्टेजकडे पाहिलं. आई आहेर घेण्यात दंग. झेरॉक्स पाठमोरी झाली, घाईघाईने कार्ड सरकवलं आणि वळली.

"ताई, तसंच हसा पुन्हा. आता खरे काढते."

जीभ चावायलाही उशीर झाला होता.

"आता खरे?" थोरली म्हणाली. अजून ओठांवर हसू तसंच होतं, विसरून राहिलेलं. "मग मघाचे?"

तिची नजर कॅमेऱ्यावर आली, तिथून स्टेजवर, आईवर, आणि परत आली. सगळं समजायला तिला तेवढा वेळ पुरला. हसू ओठांवरच राहिलं आणि मागचा चेहरा विझला.

झेरॉक्सच्या बोटाने खटका दाबला. तिने नाही म्हणायचं तर म्हणावं, पण बोट तिचंच होतं.

थोरलीने केस गालावर ओढून घेतले.

झेरॉक्स तडक सरांकडे गेली. सरांनी पडद्यावरचा फोटो मोठा करून पाहिला. डोळे पाहिले, ओठ पाहिले.

"हा बघ बेसावध चेहरा," ते म्हणाले. "स्टुडिओच्या काचेत लावू. मोठा करून."

"पण सर, त्यांच्या आई..."

"अल्बममध्ये नको म्हणाली ती. काचेचं कुठे बोलली? आजपासून तुला कुणी झेरॉक्स म्हणणार नाही, जा."

पोरीला लाज वाटायला हवी होती. फुटल्या त्या आनंदाच्या उकळ्या. सरांनी कार्ड काढून आपल्या खिशात टाकलं आणि रिकामा कॅमेरा पुन्हा तिच्या गळ्यात घातला. "जेवणं होईपर्यंत तिला सांभाळ. आई बघतेय."

ती खिडकीपाशी परतली. थोरली तिथेच उभी होती. तिने सरांचा हात खिशात जाताना पाहिला होता.

"कार्ड काढून घेतलं ना त्यांनी?"

पोरीने मान खाली घातली. "हो ताई."

"बरं झालं." थोरलीने केस मागे सारले, गाल उजेडात धरला. "मग आता हसते. काढ."