इंजिन बसेपर्यंत

पहिल्या सर्व्हिसिंगसाठी गाडी लिफ्टवर चढली आणि शिवराम काचेपाशी जाऊन उभा राहिला. पायाशी रेक्झिनची बॅग. बॅगेत दोन सदरे, बीपीच्या गोळ्या आणि रखमाक्कासाठी घेतलेलं लुगडं. अंथरुणावर पडून असलेल्या बाईला जाडंभरडं टोचतं, म्हणून दुकानात त्याने पदर स्वतःच्या गालाला लावून बघितला होता. सर्व्हिसिंग झालं की इथूनच, कळंबोलीहूनच, एक्स्प्रेसवेला लागायचं आणि थेट बीडकडे निघायचं, असं ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे मुलाने, संघर्षने ठरवलं होतं. गाडी त्याची, रजा त्याची आणि बापही त्याचाच. दुसऱ्या कुणी ठरवायचा प्रश्नच नव्हता.

रखमाक्का शिवरामची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. महिनाभर ती अंथरुणाला खिळली होती आणि जो येईल त्याला एकच विचारत होती, शिवा आला का. शिवरामने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा संघर्षचं उत्तर एकच.

"पप्पा, पहिले हजार किलोमीटर घाट नाय, स्पीड नाय. तुमीच बोलले होते ना?"

बोलला होता खरा. गाडी आली त्या दिवशी, सोसायटीतल्या चारचौघांसमोर, मोठ्या ऐटीत. जन्मभर लोखंड बाजारातले ट्रक चालवलेला माणूस. नवं इंजिन बाळंतिणीसारखं जपावं लागतं, बसायला वेळ द्यावा लागतो, असं त्याने पेढा खाता खाता सांगितलं होतं. मग बसने जातो म्हणाला, तर दारात नवी गाडी असताना बाप एसटीने गेला म्हणून गावात माझी काय इज्जत राहील, असं लेकाने विचारलं. म्हाताऱ्याने बसचं नाव सोडलं. नियम स्वतःचाच, चिडणार कुणावर?

सर्व्हिस सेंटरमधली पायल हसत बाहेर आली. "सर, सगळं ओके आहे. वॉश झाला की गाडी तुमची."

शिवरामला राहवलं नाही. "पोरी, इंजिन बसलं का नीट? आता घाट चढंल ना?"

"अंकल, आता तसं काय नसतं. सुरुवातीला फार ताणायची नाय, बस. बाकी घाट-बिट पहिल्या दिवसापासून चालतो." मग संघर्षकडे बघून म्हणाली, "मागे सरांचा फोन आलेला ना, गावी न्यायचीय म्हणून. मी सांगितलेलं, बिनधास्त न्या."

ती आत गेली. शिवरामने मुलाकडे पाहिलं. मुलगा मोबाईलमध्ये बघत होता.

"म्हंजी तुला ठावं व्हतं."

"सगळेच असं बोलतात पप्पा. एवढी महागाची गाडी, रिस्क कशाला? आणि गावातला रस्ता बघितलाय ना तुमी, खालून घासते."

"कामून फोन केलता मग?"

संघर्षने खांदे उडवले. "रूल तुमचाच होता."

हे म्हणताना त्याला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. लायसन्स मिळाल्यापासून बापाने त्याचं डोकं खाल्लं होतं. क्लचवरचा पाय काढ. आरसा बघ. ब्रेक असा मारतात का? एकदा तरी बापाला बापाच्याच शब्दांत अडवायला मिळालं होतं, आणि ते त्याने महिनाभर पुरवून पुरवून वापरलं होतं.

शिवराम काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. रखमाक्काचा मुलगा, जोतीराम. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"मामा, आई गेली वो."

वॉशिंगच्या पंपाचा आवाज सगळीकडे भरून राहिला होता.

"मामा? निघालात का तुमी?"

"निघालोय," शिवराम म्हणाला. आणि सोफ्यावर बसला.

संघर्ष आत धावला. वॉश नको, काही नको, गाडी बाहेर काढा, असं ओरडला. गाडी आली ती साबणाच्या फेसासकट आली. त्याने बापाची बॅग उचलली, बापाला धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला. त्याचे डोळे भरले होते. ते रडणं खरं होतं, आणि आता कुणाच्या कामाचं नव्हतं.

"जोतीदादाला सांगा, मातीला थांबा म्हणावं. मी मारतोच गाडी. कुठं थांबत पण नाय."

शिवरामने फोन हातात घेतला आणि तसाच मांडीवर ठेवला.

गाडी एक्स्प्रेसवेला लागली. संघर्षने पाय दाबला. गाडी कुरकुरली नाही, थरथरली नाही, हूं की चूं न करता पळायला लागली. काचेवरचा फेस वाऱ्याने उडून गेला आणि समोर घाटाचे डोंगर दिसू लागले. संघर्षने आणखी दाबला.

"पळवू नगंस," शिवराम म्हणाला. तो रागावलेला नव्हता. "भेटायचं ऱ्हाऊन गेलं. आता निस्तं पोचायचंय."