एकाच शाळेचा निधी

"दोन शाळा आणि पैसे एकीपुरते," शिक्षण सभापती म्हणाले. "कुठली घ्यायची ते आत्ताच ठरवा, मला पुढची बैठक आहे."

जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीला बसून दोन तास झाले होते. बाकीची यादी मार्गी लागली होती. उरल्या होत्या आटपाडी भागातल्या दोन शाळा, एक नांदखडीची आणि दुसरी तिथून तीन किलोमीटरवरच्या बाडवस्तीची. दोन्ही समितीची सदस्य राजेश्वरी मोटेच्याच मतदार गटात. नांदखडी तिचं सासर. तिची साक्षी त्याच शाळेत तिसरीला होती, आणि प्रचारात राजेश्वरी दारोदार सांगत फिरली होती, "निवडून द्या, शाळेला नवी इमारत उभी करून दावते."

"बाडवस्तीचा स्लॅब जास्त खराब आहे," अभियंता हळूच म्हणाला. "गज उघडे पडलेत."

"तिथं पट किती?" राजेश्वरीनं विचारलं.

"चौदा."

"नांदखडीत सत्तावन्न आहेत. पावसाळ्यात पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन बसतात."

सभापतींनी चष्मा काढला. "ताई, तुमचं खरं आहे. पण जास्त धोक्याची सोडून दुसरी घेतली, तर उद्या लेखापरीक्षणात आम्हाला विचारतील."

"मग धोक्याची लिहिताच कशाला?" ती पटकन बोलून गेली. "इमारत वापरण्यायोग्य, किरकोळ दुरुस्ती आवश्यक, असं लिहा. पुढच्या वर्षी तिलाही घेऊ."

अभियंत्यानं सभापतींकडं पाहिलं. सभापतींनी घड्याळाकडं. कारकुनानं लिहून घेतलं.

परतताना गाडीत ती मनाला समजावत होती, सत्तावन्न म्हणजे सत्तावन्न. कुणीही हेच केलं असतं.

आठवड्याभरात बाडवस्तीच्या एकशिक्षकी शाळेवरच्या सुरय्या शिकलगार बाई घरी आल्या. उन्हातून स्कूटीवर आलेल्या. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी मोबाईलमधले फोटो पुढं केले.

"ताई, फळ्यावर लिहिताना वरनं खपली पडती. पोरं वर बघत बघत पाढे म्हणत्यात."

"बाई, मला का कळत न्हाई? पण निधीच न्हाई. पुढच्या वर्षी तुमचाच नंबर. शब्द हाय माझा."

"आणि तवर?"

राजेश्वरीनं चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला. "तवर जरा जपून."

सुरय्याबाई उठल्या. "येते," एवढंच म्हणाल्या. कपावर साय धरली तरी तो तसाच होता.

पुढचे दोन दिवस राजेश्वरीचं कशात लक्ष लागलं नाही. मग नांदखडीत भूमिपूजन झालं. हलगी वाजली, फेटे बांधले, साक्षीनं आईला हार घातला आणि सगळ्या गावानं टाळ्या पिटल्या. तेवढ्यात हेडमास्तर लालासाहेब जावीर जवळ आले.

"ताई, काम हुईस्तवर पोरांची बसायची सोय..."

"ते केंद्रप्रमुखांस्नी विचारा की गुरुजी. समद्यात मलाच कशाला वढता?"

नवऱ्याला, जयराजला, ताप होता म्हणून सोमवारी पहाटे ड्रायव्हरबरोबर डाळिंबाची गाडी घेऊन ती स्वतःच आटपाडीच्या सौद्याला गेली. साडेअकराला गावातल्या धैर्यशीलचा फोन आला. तो धापा टाकत होता.

"ताई, बाडवस्तीच्या शाळेचा स्लॅब पडला."

"पोरं?"

"काय बी कळंना. मी निघालोय तिकडंच." फोन बंद झाला.

माल तिथंच टाकून ती निघाली. रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढं चौदा लेकरं होती, जी तिनं कधी नीट पाहिलीही नव्हती. निधी तोकडा होता हे ती लोकांना सांगू शकली असती. पण ते वाक्य कुणी लिहायला लावलं, हे ती स्वतःला काय सांगणार होती? 'बिरोबा, एवढ्या डाव वाचव,' ती मोठ्यानं म्हणाली. ड्रायव्हरनं वळून पाहिलं.

बाडवस्तीवर धूळ अजून खाली बसली नव्हती. शाळेचं छप्पर मध्येच दुमडून जमिनीला टेकलं होतं. माणसं हातानं विटा उपसत होती. मिरजेहून मोठे डॉक्टर बोलवा, असं कुणीतरी ओरडत होतं. पलीकडं बिरोबाच्या देवळात एका ओळीत मुलं बसली होती. भेदरलेली, पण धडधाकट. त्यांच्यापुढं सुरय्याबाई उभ्या होत्या. धुळीनं केस पांढरे झालेले, बोटं रक्ताळलेली.

"बाई! समदी हायती?"

"चौदाच्या चौदा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडनं आले त्याच दिवशी मी शाळेला कुलूप घातलं. तवापासनं देवळातच शिकवते."

राजेश्वरी पायरीवर बसली आणि देवापुढं डोकं टेकून हुंदके देऊन रडली. "तुमी मला वाचवलंत, बाई. लय उपकार झालं."

सुरय्याबाईही रडत होत्या.

राजेश्वरीनं डोळे पुसले. ढिगाऱ्याकडं पाहिलं. माणसं थांबली नव्हती. कुठलीतरी बाई ऊर बडवत होती.

"मग ही माणसं काय उपसत्यात? आत कोण हाय?"

सुरय्याबाईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मी केंद्रप्रमुखांच्या पाया पडले, ताई. ते म्हणाले, कागदावर इमारत चांगली हाय, कुलूप काढा. तुमच्या शाळेचं पाडकाम आजपासनं सुरू झालं न्हवं... साक्षीचा वर्ग सकाळीच हितं आणून बसवला."